शब्दांची बैठक: दिवाण म्हणजे पलंग, कारभारी की कोर्ट?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की पुढच्या वेळी बसायच्या वस्तूंवर प्रश्न पाठवा, मला वाटलं खुर्ची, स्टूल, पाट असलं काहीबाही येईल, पण पत्रं उघडली तर अर्ध्याहून जास्त एकाच शब्दावर. दिवाण. मग म्हटलं या वेळी त्याच्यावरच बसू, बाकीचे फर्निचरवाले मागून घेऊ.

प्रश्न : आम्ही नवीन दिवाण घेतला, खाली सामानाचा खण आणि वर गादी असलेला. धाकटी मुलगी सातवीत आहे, ती म्हणते इतिहासाच्या पुस्तकात दिवाण म्हणजे मंत्री, मग आपण रोज मंत्र्याच्या अंगावर बसतो का? मला उत्तर देता आलं नाही. शिवाय दिवाणी कोर्ट, दिवाणखाना, दिवाणजी हे सगळे कुठून आले? एकच शब्द की नुसते सारखे दिसणारे वेगवेगळे?

सगळ्यात आधी मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. आणि उत्तर असं की शब्द एकच आहे, सगळ्या ठिकाणी तोच. फक्त त्याचा प्रवास एवढा लांबचा आहे की सांगताना मीही मध्येच दम खातो.

सुरुवात मातीपासून करायला लागते, म्हणजे अगदी खरोखरच्या मातीपासून. आजच्या इराकच्या दक्षिणेला सुमेरी लोक राहायचे, ते लिहायचे ओल्या मातीच्या वडीवर. तळहातात मावेल एवढी वडी घ्यायची, बोरूचं टोक तिच्यात दाबायचं, पाचरीसारखी खूण उठते, मग दुसरी, मग तिसरी, आणि वडी वाळली की झाला कागद. किती मेंढ्या आल्या, किती पोती धान्य गेलं असल्या हिशेबांच्या अशा वड्या ढिगांनी सापडल्यात. या वडीला सुमेरी भाषेत म्हणायचे 'दुब'. लिहिणारा तो 'दुबसार' आणि जिथे पोरांना लिहायला शिकवायचे ती शाळा म्हणजे 'एदुब्बा', वड्यांचं घर.

हा दुब शेजारच्या अक्कादी भाषेत जाऊन 'तुप्पु' झाला, तिथून एलामी भाषेत 'तुप्पी', आणि तिथून जुन्या फारसीत 'दिपि'. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूचा, म्हणजे आपण दरायस म्हणतो त्याचा, इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमाराचा प्रचंड शिलालेख आहे, त्यात हा दिपि शब्द लेख या अर्थानं येतो. मग दिपि लिहिणारा झाला 'दिबीर', आणि जिथे लेख, नोंदी, दप्तर ठेवतात ते झालं 'दिवान'. म्हणजे आपल्या दिवाणाचा मूळ अर्थ नोंदवही. गादी नाही, लाकूड नाही, माणूस तर नाहीच नाही.

आता पुढे कसं घसरत गेलं बघा. नोंदवही दिवाण, मग ती वही जिथे ठेवतात ती कचेरी पण दिवाण, मग त्या कचेरीचा मुख्य अधिकारी पण दिवाण, मग राजा जिथे अधिकाऱ्यांना घेऊन बसतो तो दरबार पण दिवाण. अरबांनी इराण जिंकलं तेव्हा हा शब्द आयता उचलला. खलिफा उमर, कारकीर्द ६३४ ते ६४४, यांनी सैनिकांना लढाईच्या उत्पन्नातून ठरावीक रक्कम द्यायला यादी करवली, कोणाचं नाव, कोणत्या टोळीचा, किती द्यायचं, त्या यादीचं नाव दिवान. पुढे खलिफांच्या राज्यात महसुलाचा दिवान, पत्रव्यवहाराचा दिवान, सैन्याचा दिवान अशी खातीच पडली. आपण जसं पाटबंधारे खातं, शिक्षण खातं म्हणतो ना, आणि खातं म्हणजे पण मुळात वहीतलं पानच, अगदी तस्संच.

ही फाटे फुटायची खोड इतकी की भूमध्य समुद्राच्या बंदरांवर युरोपी व्यापारी उतरले की त्यांना पहिल्यांदा गाठायचा तो दिवान, कारण जकात तिथे भरायची. म्हणून इटालियनमध्ये जकातनाका म्हणजे 'दोगाना', फ्रेंचमध्ये 'दुआन', स्पॅनिशमध्ये 'अदुआना'. तिन्ही आपल्या दिवाणाची पोरं. स्पेनच्या विमानतळावर सामान तपासतात त्या कस्टम्सच्या जागेला पण हेच नाव, आणि आपल्याकडे त्याच नावावर दुपारी आडवं व्हायचं.

आणि कवींचं विसरलोच. एका कवीच्या सगळ्या गझला एकत्र केलेल्या संग्रहाला पण दिवानच म्हणतात, हाफिजचा दिवान, गालिबचा दिवान (तो पहिल्यांदा १८४१ मध्ये छापला). मला आधी वाटायचं कवितेचा आणि हिशेबाच्या वहीचा काय संबंध, पण जुने दिवान लावलेले कसे असतात माहितीये का, गझलेच्या ओळीचं शेवटचं अक्षर बघून, वर्णमालेच्या क्रमानं. आधी अलिफवर संपणाऱ्या, मग बे वर संपणाऱ्या. म्हणजे शेवटी रजिस्टरच की ते!

बसायचा दिवाण झाला तो तुर्कांकडे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात उस्मानी सुलतानाचं मंत्रिमंडळ भरायचं, त्याचं नाव दिवान-इ-हुमायून. ती खोली अजून आहे, वर घुमट म्हणून तिला कुब्बेआल्ती, घुमटाखालची, असं म्हणतात. भिंतींना लागून बुटकी लांबलचक बैठक, तिच्यावर गाद्या, आणि तिच्यावर वजीर मंडळी ओळीनं बसलेली. मुख्य वजिराच्या डोक्यावर भिंतीत एक जाळीची खिडकी आहे, सुलतान स्वतः सभेत बसेनासा झाला तेव्हापासून तो त्या जाळीमागे येऊन ऐकायचा, आणि आज तो तिथे आहे की नाही ते खालच्यांना कळायचं नाही. गादी कितीही मऊ असली तरी त्या बैठकीवर कोणाला डुलकी लागत असेल असं मला वाटत नाही.

तर युरोपातून आलेले राजदूत वगैरे हे सगळं बघायचे. सभेचं नाव दिवान, खोलीचं नाव दिवान, आणि त्या खोलीत डोळ्यात भरणारी वस्तू कोणती तर भिंतीलगतची गादीची बैठक. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या शेवटी सभा या अर्थानं गेला आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बैठक या अर्थानं. मग तिकडे तुर्की पद्धतीच्या बैठकांची फॅशन आली, लंडनमध्ये सिगार ओढत पेपर वाचायच्या नि बुद्धिबळ खेळायच्या जागांना सिगार दिवान म्हणायला लागले, त्यातलं स्ट्रँड नावाच्या रस्त्यावरचं एक १८२८ चं, चांगलंच गाजलेलं. तिथून पाठ आणि हात नसलेला पलंग म्हणजे दिवान, आणि इंग्रजांच्या बोटीत बसून तो फर्निचरच्या रूपात आपल्याकडे आला. पण आपल्याकडे त्याच नावाचा मंत्री, कचेरी, दरबार हे सगळे शेकडो वर्षं आधीपासून फारसीतून येऊन बसलेले होते! तर मुलीला सांगा, मंत्र्यावर नाही बसत, मंत्री ज्याच्यावर बसायचा त्याच्यावर बसतो. आणि खालच्या खणात जुन्या वह्या-फायली कोंबल्या असतील तर शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच चाललंय तुमचं.

प्रश्न : माझी नवऱ्याशी पैज लागलीये. मी म्हणते जिथे दिवाण ठेवतात तो दिवाणखाना. तो म्हणतो दिवाण नावाचा माणूस जिथे बसतो तो दिवाणखाना. कोण बरोबर?

नवरा. सॉरी.

म्हणजे अगदी शंभर टक्के तोही नाही. फारसीत 'खाना' म्हणजे घर किंवा जागा, दवाखाना, कारखाना, हत्तीखाना यातला. दिवाणखाना म्हणजे जिथे दिवाण भरतो, दरबार किंवा कचेरीचं कामकाज चालतं ती जागा. जुन्या वाड्यांत ही खोली बहुतेक दर्शनी बाजूला, ऐसपैस, कोरीव खांब, छताला हंड्या-झुंबरं, आणि खाली बैठक अंथरलेली. तिथे कारभार चालायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या भेटी व्हायच्या, न्यायनिवाडे व्हायचे. कारभार गेला, माणसं भेटायची राहिली, म्हणून आज बाहेरच्या खोलीला आपण दिवाणखाना म्हणतो, तिथे सोफा असो, झोपाळा असो नाहीतर नुसत्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. लाकडी दिवाण नसला म्हणून दिवाणखान्याचं काही अडत नाही, तो शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

दिल्लीच्या लाल किल्ल्यातले दिवान-ए-आम आणि दिवान-ए-खास पण याच माळेतले, आम म्हणजे सगळ्यांसाठी, खास म्हणजे निवडकांसाठी. तिथे बघायला गेल्यावर आमच्या ग्रुपमधला एक जण गाईडला विचारत होता की यातला दिवाण कुठे ठेवलाय, इंग्रजांनी नेला का. गाईड बिचारा हसला नाही, मी हसलो आणि मग घरी येऊन शब्दकोश उघडला, कारण खरं सांगायचं तर तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

प्रश्न : जमिनीच्या वादाला दिवाणी दावा म्हणतात आणि मारामारीला फौजदारी. यातलं दिवाणी म्हणजे दिवाणाचंच का?

हो हो, त्याचंच. मुघल सुभ्यात दोन बाजू असायच्या. एक महसूल, जमीनजुमला, पैशाचे हिशेब, ही दिवाणाची बाजू. दुसरी बंदोबस्त, चोर-दरोडेखोर, फौज, ती सुभेदाराची आणि त्याच्या हाताखाली फौजदाराची. कुळाचं आणि जमिनीचं भांडण कोणाकडे जाणार, तर ज्याच्याकडे जमिनीचं दप्तर आहे त्याच्याकडे. डोकं फोडलं तर फौजदाराकडे.

मग १२ ऑगस्ट १७६५ ला बादशाह शाह आलमनं बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. शाळेत आपण हे पाठ केलं पण दिवाणी दिली म्हणजे नक्की काय दिलं ते कोणी सांगितलं नाही, किमान मला तरी नाही. तर वसुली दिली, आणि वसुलीसोबत येणारे पैशाचे-जमिनीचे न्यायनिवाडे दिले. व्यापारी कंपनी एका सहीत तीन प्रांतांची दिवाण झाली. पुढे १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं कोर्टांची घडी बसवली तेव्हा दिवाणी अदालत वेगळी, फौजदारी अदालत वेगळी अशी नावंच ठेवली, आणि ती नावं आजपर्यंत चिकटलीत, १९०८ चा कायदा अजून दिवाणी प्रक्रिया संहिताच आहे. मुघल गेले, कंपनी गेली, राणी गेली, पण तारखा पडतायत त्या दिवाणीतच.

संस्थानांमध्ये मुख्य कारभाऱ्याला दिवाण म्हणायचे ते पण हेच. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि व्यापाऱ्याच्या नाहीतर जमीनदाराच्या पेढीवर कानाला पेन्सिल लावून खतावणी लिहीत बसणारा दिवाणजी, त्याला सगळे गरीब बिचारा समजतात, पण माझ्या मते या अख्ख्या खानदानात मूळ धंदा सांभाळणारा तो एकटाच. बाकी सगळे मंत्री झाले, कोर्ट झाले, पलंग झाले, हा अजून नोंदच करतोय.

प्रश्न : दिवाणा म्हणजे प्रेमात वेडा झालेला. तो पण दिवाणाचा भाऊ आहे का? की कारकुनी करून वेड लागलं म्हणून?

तुम्ही चेष्टेत लिहिलंय पण ही चेष्टा तुमच्या आधी इब्न खल्दूननं सांगून ठेवलीये! चौदाव्या शतकातला हा मोठा इतिहासकार, तो गोष्ट देतो की इराणचा राजा खुस्रो एकदा कचेरीत गेला, बघतो तर सगळे कारकून तोंडातल्या तोंडात पुटपुटतायत, हवेत बघून स्वतःशी बोलतायत, प्रत्यक्षात ते तोंडी हिशेब करत होते. राजा म्हणाला, हे तर दिवाने आहेत! आणि कचेरीचं नाव पडलं दिवान. महिन्याच्या शेवटच्या दिवशी कुठल्याही अकाउंट्स सेक्शनला जाऊन बघा, गोष्ट एकदम पटते.

पटते, पण खरी नाही. दिवाणा आला तो 'देव' या शब्दातून. फक्त गंमत अशी की जुन्या इराणी धर्मात देव म्हणजे दैत्य, राक्षस. आपला देव त्यांचा राक्षस झाला. आणि आपला असुर त्यांच्याकडे अहुर होऊन सगळ्यात मोठा देव झाला, अहुर मज्द. तर दिवाना म्हणजे ज्याला देवानं, म्हणजे त्यांच्या देवानं, झपाटलंय तो. अंगात आलेला. म्हणून प्रेमात दिवाणा हा शब्द किती नेमका आहे बघा, नुसता वेडा नाही, झपाटलेला. पण दिवाणाशी नातं नाही, नुसतं दिसण्यात साम्य.

(एका वाचकांनी दिवाण हा दिवा वरून का असं विचारलंय, कारण बैठकीत दिवे लावत असत. नाही. दिवा आला दीप वरून, त्याचं घर वेगळं.)

प्रश्न : तुम्ही दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं की लिपी हा शब्द लिंपणे यावरून आला, शाईनं लिंपायचं म्हणून. पण मी वेगळं वाचलं. खरं काय?

हे पत्र बसायच्या वस्तूंवर अजिबात नाही, तरी आज घेतो, कारण या सदरात माझं चुकलं ते मीच दुरुस्त करायला पाहिजे आणि योगायोगानं उत्तर वरच येऊन बसलंय.

दारयवहूच्या लेखातला 'दिपि' आठवतोय ना. आता अशोकाकडे या, इसवी सनापूर्वीचं तिसरं शतक. गिरनारला वगैरे त्यानं आपल्या लेखाला म्हटलंय 'धम्मलिपी'. पण वायव्येला, आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे तेच लेख खरोष्ठी लिपीत कोरलेत, आणि तिथे शब्द आहे 'दिपि'. तो भाग अशोकाच्या आधी इराणी साम्राज्यात होता, तिथे लोकांच्या तोंडात इराणी शब्द होता. म्हणून बरेच अभ्यासक असं मानतात की आपली लिपी ही मुळात ती दिपीच, द चा ल झाला, आणि लिंपणे-लेपणे हे संस्कृत क्रियापद जवळ असल्यामुळे ल सगळ्यांना बरा वाटला. पाणिनीला लिपी आणि लिबी दोन्ही रूपं माहीत होती, म्हणजे शब्द तेव्हा अजून नीट स्थिरावला नव्हता असं मला वाटतं.

म्हणजे लिपी आणि दिवाण चुलत भावंडं! आणि तिसरं भावंड तर आपल्या घरातच आहे, डबीर. वर दिबीर म्हणजे लिहिणारा असं सांगितलं, तोच फारसीत दबीर आणि मराठीत डबीर. शिवाजी महाराजांच्या दरबारात परराज्यांशी पत्रव्यवहार बघणारा तो डबीर, १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी नावं बदलून संस्कृत नावं दिली तेव्हा डबीरचं झालं सुमंत. हुद्दा बदलला तरी आडनाव राहिलं. तुमच्या ओळखीत कोणी डबीर असतील तर त्यांना सांगा की तुमचं आडनाव सुमेरी मातीच्या वडीपासून निघालंय, आणि मग घरातल्या दिवाणावर बसवून चहा द्या, नातेवाईकांची भेट झाली म्हणायची.

प्रश्न : मग सोफा, कोच, ऑटोमन हे सगळे पण तिकडचेच का?

सोफा तिकडचा. अरबीत 'सुफ्फा' म्हणजे चौथरा, ओटा, उंचावलेली बसायची जागा. मदिनेच्या मशिदीत अशा सावलीच्या सुफ्फ्यावर राहणाऱ्या गरीब अनुयायांना अहल-अल-सुफ्फा म्हणायचे, ओट्यावरची माणसं. तुर्कीत जाऊन तो 'सोफा' झाला. सतराव्या शतकात युरोपी प्रवासी सोफा लिहायचे तेव्हा त्यांना म्हणायचं असायचं की खोलीचा एक भाग उंच केलाय, वर गालिचा-गाद्या टाकल्यात. पाय असलेला, उचलून नेता येणारा सोफा नंतरचा. आणि तुर्कीत आजही जुन्या घरातल्या मधल्या दालनाला सोफा म्हणतात. त्यांचा सोफा खोली, आपला सोफा फर्निचर.

ऑटोमन सोपा आहे, उस्मान या नावाचं युरोपी तोंडानं केलेलं भजं. उस्मानी साम्राज्य म्हणजे ऑटोमन साम्राज्य, त्यांच्या पद्धतीची पाठ नसलेली गादीची बैठक म्हणून फ्रेंचांनी अठराव्या शतकात तिला हे नाव दिलं. आता ती आक्रसून पाय ठेवायचं गुबगुबीत स्टूल झालीये. तीन खंडांवर पसरलेलं साम्राज्य आणि शेवटी त्याच्या नावावर लोक पाय ठेवून टीव्ही बघतात.

कोच मात्र तिकडचा नाही. तो फ्रेंच 'कुशे' म्हणजे आडवं होणे यातला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'लोकुस' म्हणजे जागा. लोकेशन, लोकल हे त्याचे सख्खे. पण इथे एक घोटाळा होतो, रेल्वेचा कोच आणि क्रिकेटचा कोच हे यातले नाहीत बरं का. ते हंगेरीतल्या 'कोच' नावाच्या गावाचे, तिथे घोड्याच्या चांगल्या गाड्या बनायच्या, गावाच्या नावानं गाडी ओळखली जायला लागली. आणि ऑक्सफर्डच्या पोरांनी १८३० च्या सुमाराला परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीवाल्याला थट्टेत गाडी म्हणायला सुरुवात केली, म्हणजे यात बसलं की पास. तो पुढे मैदानावर गेला. मराठीत तिघांचं स्पेलिंग एकच, त्याला इलाज नाही.

आणि माझा लाडका म्हणजे 'कनापे'. फ्रेंचमध्ये कनापे म्हणजे सोफाच, पण मूळ ग्रीक शब्द 'कोनोप्स', म्हणजे डास! डासांपासून वाचायला पलंगावर जाळी, जाळीवरून जाळीवाला पलंग, पलंगावरून सोफा. मग कोणीतरी ब्रेडच्या तुकड्यावर काहीतरी ठेवलं, ते सोफ्यावर बसल्यासारखं दिसलं, म्हणून खायच्या पदार्थाचं पण नाव कनापे. पार्टीत ट्रे समोर आला की मला डास आठवतो, बायको म्हणते हे लिहू नको पण लिहिलं.

प्रश्न : सगळं परदेशी सांगता. आपल्या गादी, लोड, तक्क्या यांचं काय?

रागावू नका. गादी तर जबरदस्त शब्द आहे, मराठीत तिच्याएवढी कामं कोणी करत नाही. झोपायची गादी, दुकानदाराची गादी, मठाची गादी, राजाची गादी. १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारची गादी आणि कोल्हापूरची गादी वेगळ्या झाल्या असं आपण सरळ म्हणतो आणि कोणाच्या डोळ्यासमोर कापूस येत नाही. आणि महाराष्ट्र केसरीला गादी विभाग नि माती विभाग असतो, तिथे गादी म्हणजे मॅट, तिच्यावर बसायचं नाही, समोरच्याला पाठीवर पाडायचं. गादीवरून ओढाओढी एवढं मात्र राजाच्या गादीसारखंच.

तक्क्या फारसीतून आला, तकिया म्हणजे टेकण. उशीलाही तकिया, आणि फकीर जिथे टेकतो त्या जागेलाही तकिया. बोलताना एखादा माणूस दर वाक्याला 'काय आहे ना' म्हणतो त्याला उर्दूत तकिया कलाम म्हणतात, बोलण्याला टेकायची उशी. (माझी उशी 'म्हणजे' आहे, वर मोजू नका.)

आणि मसनद. लोड-तक्क्यांची भारी बैठक, नवाबाची गादी. अरबीत स-न-द या तीन अक्षरांचा अर्थ टेकणे, आधार. ज्याला टेकायचं ती मसनद, आणि ज्या कागदाच्या आधारावर तुमचा हक्क टिकतो ती 'सनद'. सनदी अधिकारी, सनदी लेखापाल यांची सनद तीच. एकाच धातूतून पाठीचा आधार आणि कागदाचा आधार. इकडे वहीवरून बैठक झाली, तिकडे टेकण्यावरून कागद झाला, हे लक्षात आलं तेव्हा मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितलं होतं, तिचं मत छापण्यासारखं नव्हतं.

प्रश्न : बसायच्या वस्तूवरून सभेला नाव पडलं असं उलट कुठे झालंय का?

खूप. फ्रेंच 'ब्युरो' म्हणजे आधी टेबलावर अंथरायचं जाडंभरडं कापड, मग ते टेबल, मग टेबलाची खोली, मग खातं. दिवाण जिथून निघाला तिथे ब्युरो जाऊन पोचला, वाटेत दोघांची गाठ पडली असेल. 'बोर्ड' म्हणजे फळी, मग टेबल, मग टेबलाभोवतीचे डायरेक्टर. 'बँक' म्हणजे इटलीतल्या सराफाचं बाक.

आणि संस्कृतात वस्तू पण लागत नाही, नुसतं बसलं की झालं. 'सद्' म्हणजे बसणे. एकत्र बसले की संसद, भोवती बसले की परिषद, गुरूजवळ बसलं की उपनिषद. सभेत बसतो तो सभासद. इंग्रजीतले सीट, सेशन, प्रेसिडेंट याच धातूचे लांबचे नातेवाईक. म्हणजे संसदेचं सेशन म्हणालात की बसण्याचं बसणं झालं.

पुढच्या वेळी खुर्चीवरची पत्रं घेतो, ती सात आलीत, त्यातली पाच राजकारणावर आहेत, ती घेणार नाही.